अथेन्सची चित्रांची भांडी: ग्रीक पुराणकथा आणि रोजचं जगणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्राचीन ग्रीसबद्दलचे बहुतेक प्रश्न देवांपासून सुरू होतात आणि पुतळ्यांपाशी थांबतात. या पानावर मात्र मुख्यतः भांड्यांबद्दल लिहिलं आहे. अथेन्सच्या कुंभारांनी साधारण इ.स.पू. ६०० ते ४०० या काळात ती घडवली आणि रंगवली. माझा आग्रह एकच आहे: चित्रात कोणता देव आहे हे विचारण्याआधी ते भांडं कोणाच्या हातात असायचं आणि त्यात काय भरलेलं असायचं, हे विचारावं.

देवळं आणि पुतळे असताना भांड्यांना इतकं महत्त्व का?

कारण ग्रीकांची बाकीची चित्रकला जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. भिंतींवरची आणि लाकडी फळ्यांवरची चित्रं त्या काळात फार नावाजलेली होती, पण आज त्यांची वर्णनंच काय ती वाचायला मिळतात. ब्राँझचे पुतळे पुढच्या लोकांनी वितळवले, कापड कुजलं, लाकूड गेलं. भाजलेली माती फुटते, पण कुजत नाही आणि वितळवून दुसरं काही करताही येत नाही. म्हणून ग्रीक माणसाच्या हातची रेघ आज पाहायची तर ती मुख्यतः भांड्यांवरच.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. देवळावर देव आणि वीर असतात. भांड्यांवर ते तर असतातच, शिवाय शाळेत पाटी घेऊन बसलेला मुलगा असतो, पुतळा ओतणारे कारागीर असतात, पाणी भरणाऱ्या बायका असतात, जास्त प्यायल्यामुळे ओकणारा पाहुणा आणि त्याचं डोकं धरणारी मुलगीसुद्धा असते. डूरिस या चित्रकाराचा शाळेचा पेला बर्लिनमध्ये आहे. त्यावर एक मुलगा वीणेसारखं तंतुवाद्य शिकतो आहे, आणि मास्तरांनी उलगडून धरलेल्या गुंडाळीवर कवितेची ओळ लिहिलेली आहे.

ही भांडी कोण बनवायचं?

अथेन्सच्या वायव्येला केरामेइकोस नावाची कुंभारांची वस्ती होती. एरिडानोस नावाचा ओढा तिथून वाहायचा आणि शहराच्या वेशीबाहेर तिथेच मोठी दफनभूमीही होती. या भागातल्या मातीत लोह भरपूर असल्यामुळे भाजल्यावर तिला तो ओळखीचा नारिंगी-लाल रंग येतो.

घडवणारा आणि रंगवणारा हे बहुधा वेगळे असत. काही भांड्यांवर ‘अमक्यानं घडवलं’ आणि ‘तमक्यानं रंगवलं’ अशा दोन सह्या सापडतात. सह्यांमधली काही नावं परकी आहेत. लिडोस म्हणजे लिडियाचा (आजच्या तुर्कस्तानातल्या प्रदेशाचा) माणूस, आणि अमासिस हे नाव तर इजिप्तच्या राजाचं. ज्याला आपण अथेन्सची कला म्हणतो ती घडवण्यात बाहेरून आलेल्यांचा आणि गुलामांचाही हात होता. एका पाण्याच्या भांड्यावर कारखान्याचंच चित्र आहे: अथेना देवी येऊन काम करणाऱ्यांना मुकुट घालते आहे, आणि एका कडेला एक बाई मोठं भांडं रंगवत बसली आहे. तिला मुकुट घालायला मात्र कोणी आलेलं नाही.

तो चकचकीत काळा रंग कोणता?

तो रंगच नव्हे. भांडं ज्या मातीचं, त्याच मातीचा तो लेप आहे.

माती पाण्यात कालवून ठेवली की जाड कण खाली बसतात आणि सर्वांत बारीक कण वर तरंगतात. ते वरचं पाणी काढून, पुन्हा निवळून, आटवून लेप बनवत. कच्च्या भांड्यावर हा लेप लावला की तो थोडा गडद दिसे, एवढंच. म्हणजे चित्रकार जवळजवळ एकाच रंगावर काम करायचा आणि खरं चित्र भट्टी उघडल्यावरच दिसायचं.

भाजणी एकच, पण तीन टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात भट्टीत हवा खेळती ठेवून साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवत. तेव्हा सगळंच लाल होई. मग हवेची तोंडं बंद करून ओली लाकडं टाकत आणि तापमान ९००च्या पुढे नेत. प्राणवायू नसल्यामुळे मातीतल्या लोहाचं रूप पालटे आणि अख्खं भांडं काळं पडे. याच उष्णतेत लेपाचे बारीक कण वितळू लागून एकमेकांना घट्ट चिकटत आणि त्यांची काचेसारखी पापुद्री बने. तिसऱ्या टप्प्यात तापमान उतरवत पुन्हा हवा आत सोडत. भांड्याची सच्छिद्र माती हवा शोषून परत लाल होई, पण लेप बंदिस्त झालेला असल्यामुळे काळाच राही.

तापमापक नाही, घड्याळ नाही. धुराचा आणि ज्वाळेचा रंग पाहून, झरोक्यातून नमुन्याची खापरी ओढून काढून हे सगळं ठरवायचं. तोंड उघडायला घाई झाली किंवा हवा नीट पोहोचली नाही, तर काळ्यावर लाल डाग पडत. असे डाग पडलेली भांडी संग्रहालयांत आहेत आणि मी ती मुद्दाम पाहतो, कारण भट्टीपाशी उभा असलेला माणूस त्यांत दिसतो. ही रीत पुढे पूर्ण विसरली गेली. ती नेमकी कशी होती, याचा उलगडा विसाव्या शतकात प्रयोग करकरून झाला.

काळ्या आकृती आणि लाल आकृती म्हणजे काय?

काळ्या आकृतींच्या पद्धतीत माणसं लेपानं भरून काढत आणि डोळे, केस, कपड्यांच्या चुण्या टोकदार हत्यारानं कोरत. ही पद्धत कॉरिंथ या ग्रीक शहराची, इ.स.पू. सातव्या शतकात ती अथेन्सनं उचलली. साधारण ५३० ते ५२०च्या सुमारास अथेन्समध्ये कोणीतरी ती उलटी केली. पार्श्वभूमी काळी भरायची, माणसं मातीच्या रंगाची सोडायची आणि आतल्या रेघा कुंचल्यानं काढायच्या.

फरक मोठा पडला. कोरताना हात अडखळतो, कुंचला मात्र वळतो. पाठमोरं शरीर, समोरून दिसणारं पाऊल, पातळ लेपानं हलक्या तपकिरी छटेत दाखवलेले स्नायू, हे सगळं आता जमू लागलं आणि चित्रकारांत चढाओढ लागली. युथिमिडीसनं एका भांड्यावर नाचणारे तिघे काढले आणि बाजूला लिहून ठेवलं, ‘युफ्रोनिओसला हे कधीच जमलं नसतं.’ भांडं म्युनिकमध्ये आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दोन कारागिरांची स्पर्धा त्यांच्याच अक्षरात वाचायला मिळते, याचा मला फार आनंद वाटतो.

कोणतं भांडं कशासाठी होतं?

आकार हा नेहमी कामावरून ठरे. हायड्रिया ही पाण्याची घागर. तिला तीन कान असत, दोन आडवे उचलायला आणि एक उभा ओतायला. अँफोरा दोन कानांचा, त्यात वाइन, तेल किंवा धान्य. क्रेटर हे रुंद तोंडाचं मोठं भांडं, वाइन आणि पाणी मिसळण्यासाठी. ओइनोखोई हे त्यातून काढून वाढायचं तोटीचं भांडं आणि किलिक्स हा उथळ, पसरट, दोन कानांचा पेला. लेकिथोस म्हणजे बारीक गळ्याची तेलाची कुपी. अरिबालोस त्याहून छोटी, मुठीत मावणारी. व्यायामाला जाणारा तरुण ती मनगटाला टांगून नेई. पिक्सिस म्हणजे दागिने आणि प्रसाधनं ठेवायची झाकणाची डबी.

हे एकदा कळलं की चित्रांची निवडही समजते. इ.स.पू. ५२०च्या सुमारच्या अनेक घागरींवर पाणी भरायला आलेल्या बायकाच काढलेल्या आहेत: सिंहाच्या तोंडातून धार पडते आहे आणि डोक्यावर चुंबळ ठेवून गप्पा मारत त्या रांगेत उभ्या आहेत.

एक भांडं याहून वेगळं. पॅनाथेनाइया या अथेनाच्या उत्सवातल्या शर्यती जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून ऑलिव्ह तेलानं भरलेले अँफोरा मिळत. प्रत्येकात साधारण ३५ ते ४० लिटर तेल. एका बाजूला शस्त्र उगारलेली अथेना, दुसऱ्या बाजूला जी शर्यत जिंकली ती, आणि ‘अथेन्सच्या स्पर्धांमधून’ असा लेख. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात रथांच्या शर्यतीसाठी १४० अँफोरांचं बक्षीस नोंदलं आहे. एवढं तेल घरी संपणं शक्य नाही. ते विकलं जाई. लाल आकृतींची पद्धत रूढ झाल्यावरही हे बक्षिसाचे अँफोरा जुन्या काळ्या आकृतींतच रंगवत राहिले.

सिंपोजियम म्हणजे काय? ती नुसती दारूची मेजवानी होती का?

पिणं होतंच, पण त्याला कडक रीत होती. घरातल्या पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीलगत पलंग मांडलेले असत, बहुधा सात किंवा अकरा. पाहुणे डाव्या कोपरावर रेलत. वाइनपेक्षा पाणी जास्त घालत; किती, ते त्या रात्रीचा यजमान किंवा निवडलेला प्रमुख ठरवे. निव्वळ वाइन पिणं हे रानटी लोकांचं लक्षण मानलं जाई. गाणी, कविता, कोडी, वाद चालत. पेल्याच्या तळाचा गाळ फिरकी देऊन निशाणावर फेकायचा कोट्टाबोस नावाचा खेळही चाले.

घरच्या बायका तिथे नसत. वादक मुली आणि हेटाइरा म्हणजे गणिका असत, आणि त्यांतल्या पुष्कळ गुलाम होत्या. या चित्रांतली मौज पाहताना हे नजरेआड करू नये.

आता पेल्याकडे पाहा. किलिक्सच्या बाहेरच्या बाजूला अनेकदा दोन मोठे डोळे काढलेले असतात. पिणाऱ्यानं पेला तोंडाला लावला की समोरच्यांना त्याच्या चेहऱ्याऐवजी मुखवटाच दिसे. आतलं चित्र मात्र फक्त पिणाऱ्यासाठी. वाइन संपत येई तसं ते उघडं पडे. एक्झेकियास या चित्रकाराचा म्युनिकमधला पेला असा आहे. आत डायोनिसस नौकेत पहुडला आहे, डोलकाठीवर द्राक्षवेल चढली आहे आणि भोवती सात डॉल्फिन पोहत आहेत. चाच्यांनी या देवाला पळवलं, तेव्हा त्यानं जहाजावर वेल उगवली आणि घाबरून पाण्यात उड्या टाकणारे चाचे डॉल्फिन झाले, अशी कथा आहे. गडद वाइनच्या तळाशी वाइनच्याच देवाचा समुद्र दिसावा, हे चित्रकारानं पेला कसा वापरला जातो ते ओळखून योजलं आहे. काचेच्या कपाटात तो पेला कलता ठेवलेला असला तर यातलं निम्मं हरवतं.

एकच भांडं पाहायचं असेल तर कोणतं?

माझं उत्तर ठरलेलं आहे: व्हॅटिकनच्या संग्रहालयातला एक्झेकियासचा अँफोरा, इ.स.पू. ५४० ते ५३०च्या सुमारचा. घडवणारा आणि रंगवणारा तोच.

ट्रॉयच्या युद्धातले दोन वीर, अकिलीस आणि अजॅक्स, सोंगट्यांचा खेळ खेळत आहेत. दोघांच्या हातांत भाले तसेच आहेत, ढाली मागे टेकवल्या आहेत. अकिलीसनं शिरस्त्राण घातलेलं आहे. अजॅक्सनं काढून ढालीवर ठेवलं आहे. ओठांपाशी शब्द लिहिले आहेत. अकिलीस म्हणतो, ‘चार’. अजॅक्स म्हणतो, ‘तीन’. अजॅक्सची टाच जमिनीवरून किंचित उचललेली आहे. त्यांच्या झग्यांवरची नक्षी इतकी बारीक कोरलेली आहे, की फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

हा प्रसंग होमरच्या काव्यात नाही. पण पाहणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक होतं: अकिलीस मारला जाणार, त्याचं प्रेत अजॅक्स खांद्यावर टाकून आणणार, अकिलीसची शस्त्रं अजॅक्सला न मिळता ओडिसियस या दुसऱ्या वीराला मिळणार आणि अपमान सहन न होऊन अजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडणार. तो शेवटही एक्झेकियासनं रंगवला. फ्रान्समधल्या बुलोन्यच्या संग्रहालयात तो अँफोरा आहे: अजॅक्स एकटाच वाकून, तलवार उभी राहावी म्हणून मुठीभोवतीची माती हातानं थोपटतो आहे. शिरस्त्राण पुन्हा ढालीवर ठेवलेलं आहे.

ग्रीक पुराणकथांचा मूळ, प्रमाण ग्रंथ कोणता?

असा ग्रंथ नव्हता. होमर आणि हेसिअड या प्राचीन कवींना मोठा मान होता, पण त्यांनी सांगितलं तेच खरं, असं बंधन कोणावर नव्हतं. रामकथा जशी प्रांताप्रांतांत आणि ओव्यांतून वेगवेगळी सांगितली जाते, तशीच गत ग्रीक कथांची होती. इटलीत किउसीला एक पेला आहे, इ.स.पू. ४४०च्या सुमारचा. त्यावर म्हातारी दासी ओडिसियसचे पाय धुते आहे. होमरच्या काव्यात तिचं नाव युरिक्लिया. पेल्यावर मात्र अँटिफाटा लिहिलेलं आहे. चित्रकार चुकला असं म्हणण्याची घाई करू नये, त्यानं ऐकलेली कथा वेगळी असू शकते.

कथांना राजकारणाचा वाराही लागे. काळ्या आकृतींच्या काळात हेराक्लीस हा वीर सर्वांत लाडका होता. अथेन्समधली हुकूमशाही इ.स.पू. ५१०मध्ये संपली आणि त्याच सुमारास थीसियस या अथेन्सच्या स्वतःच्या वीराचे पराक्रम पेल्यांवर भराभर दिसू लागले.

बायकांचं जगणं यात कितपत दिसतं?

दिसतं, पण पुरुषांनी काढलेलं. तरी त्यातूनही पुष्कळ मिळतं. अमासिसच्या कारखान्यातल्या चित्रकाराची एक तेलाची कुपी न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे, जेमतेम १७ सेंटिमीटर उंच. तिच्यावर लोकर वजन करण्यापासून सूत कातणं, उभ्या मागावर विणणं आणि तयार कापडाची घडी घालण्यापर्यंत सगळं काम क्रमानं आहे. मागाच्या खाली ताण्याला बांधलेली वजनं लोंबतात. अशी मातीची वजनं ग्रीसभर घराघरांच्या अवशेषांत सापडतात.

किउसीच्या त्याच पेल्याच्या दुसऱ्या बाजूला ओडिसियसची बायको पेनेलोपी आहे. नवरा वीस वर्षं परतलेला नाही आणि दारात लग्नाला टपलेले पुरुष ठाण मांडून बसले आहेत. त्यांना टाळण्यासाठी ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. चित्रात ती हातावर डोकं टेकवून बसली आहे आणि मागे अर्धवट विणलेल्या कापडाचा माग उभा आहे. ज्या कामात घरोघरच्या बायकांचा दिवस जाई, तेच काम इथे राणीचं शस्त्र झालं आहे.

मृतांसाठी वेगळी भांडी होती का?

होती. इ.स.पू. आठव्या शतकात तर थडग्यावरची खूण म्हणून माणसाएवढी भांडी उभी करत. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला डिपिलॉनचा अँफोरा दीड मीटरहून उंच आहे. नक्षीच्या पट्ट्यांच्या मधोमध तिरडीवर ठेवलेली स्त्री आणि डोक्याला हात लावून आक्रोश करणारी माणसं आहेत.

पाचव्या शतकात थडग्यावर पांढऱ्या लेपाच्या तेलाच्या कुप्या ठेवत. त्यांवरचे रंग नाजूक, रोजच्या वापरात पुसले जातील असे. चित्रं शांत असतात: थडग्याला फिती बांधणारी बाई, किंवा होडी घेऊन आलेला खारोन, मृतांना पैलतीरी नेणारा नावाडी. काही कुप्यांच्या आत गळ्याला जोडलेली छोटी कुपी निघाली आहे, म्हणजे थोडक्या तेलात भांडं काठोकाठ भरलेलं दिसे. कोणी याला फसवणूक म्हणतं. मला त्यात ऐपत नसलेल्या घराची सोय दिसते. लग्नाच्या स्नानाचं पाणी आणायचा लुट्रोफोरोस नावाचा उंच गळ्याचा घडा असे. लग्नाआधीच मृत्यू आलेल्यांच्या थडग्यावर तो ठेवत.

ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र होते ना?

नाही. संगमरवरी पुतळे रंगवलेले असत: केस, ओठ, डोळे, वस्त्रांचे काठ. जमिनीत आणि उन्हापावसात रंग गेला, आणि पुढच्या युरोपनं उरलेला पांढरा दगडच आदर्श मानला.

इतकी ग्रीक भांडी इटलीत कशी सापडली?

मध्य इटलीतल्या एत्रुस्कन लोकांना अथेन्सची भांडी फार आवडत. ते ती विकत घेत आणि थडग्यांत मृतांसोबत ठेवत. बंद थडग्यात ती अख्खी राहिली. अठराव्या शतकात तर बहुतेक लोक त्यांना एत्रुस्कनच समजत.

फ्रान्स्वा क्रेटरची हकिकत यातली सर्वांत विलक्षण. इ.स.पू. ५७०च्या सुमारास एर्गोटिमोसनं घडवला, क्लेइटियासनं रंगवला. ६६ सेंटिमीटर उंचीवर सुमारे २७० आकृत्या आणि शंभराहून अधिक लेख. अलेस्सांद्रो फ्रान्स्वा यांना तो १८४४मध्ये किउसीजवळ तुकड्यांत सापडला. १९००मध्ये फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या एका पहारेकऱ्यानं रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. तो पुन्हा जोडला गेला, आज तिथेच उभा आहे.

युफ्रोनिओसच्या सार्पेडॉन क्रेटरची गोष्ट वेगळी. निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखधारी भाऊ सार्पेडॉन या वीराचं प्रेत उचलत आहेत, असं त्यावरचं चित्र. चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून तो चोरून काढला गेला, १९७२मध्ये मेट्रोपोलिटननं तो दहा लाख डॉलरना घेतला, आणि २००८मध्ये इटलीला परत दिला. चोरीच्या खोदकामात वस्तू मिळते, पण ती कोणाच्या शेजारी, कशासोबत ठेवली होती, हे ज्ञान कायमचं जातं. ते कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

भांडं फुटल्यावर टाकून देत का?

खापरी हा अथेन्सचा फुकटचा कागद होता. हिशेब, निरोप, अक्षरं गिरवणं, सगळं त्यावर चाले. जो माणूस डोईजड होतो आहे असं वाटे, त्याला दहा वर्षं शहराबाहेर काढण्याचं मतदानही खापरीवर नाव कोरूनच होई; त्यासाठी ६००० मतांची अट होती. अॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचं नाव कोरलेल्या १९० खापऱ्या मिळाल्या आणि अक्षर पाहता त्या मोजक्याच लोकांनी लिहिलेल्या. कोणीतरी आधीच तयार करून वाटायला ठेवल्या असाव्यात.

‘बर्लिन चित्रकार’ अशी नावं का?

बहुतेकांनी सही केलीच नाही. ऑक्सफर्डचे जॉन बीझली (१८८५–१९७०) यांनी घोटा, कान, गळ्याची हाडं कशी काढली आहेत हे पाहून हजारो भांडी हातांनुसार वेगळी केली आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याला एखाद्या प्रसिद्ध भांड्याच्या गावाचं नाव दिलं.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

या भांड्यांशी थेट नाही; संबंध आहे तो काही शतकांनंतरच्या व्यापारातून. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट इथल्या यवनांनी (त्या काळी ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) खांब दान दिल्याचे लेख आहेत. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली.

ही भांडी कुठे पाहता येतील?

अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आणि केरामेइकोसचं छोटं संग्रहालय, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, पॅरिसचं लूव्र, म्युनिक, बर्लिन, व्हॅटिकन, न्यू यॉर्क. प्रवास शक्य नसेल तर यांतल्या अनेकांनी मोठे, स्वच्छ फोटो संकेतस्थळांवर फुकट ठेवले आहेत. फोटो पाहताना उंची आधी वाचा. पडद्यावर अरिबालोस आणि क्रेटर एकाच मापाचे दिसतात. कानांखालची आणि मागची बाजूही उघडा. अँफोराच्या ‘मागच्या’ बाजूला नुसते झगे पांघरून उभे असलेले तीन तरुण असतील, तर कारागिरानं तिथे वेळ वाचवला आहे असं समजा आणि पुन्हा पुढची बाजू पाहा.